कोयनेच्या पावसातली परसबाग



गेल्या पर्युषणात मंदिरातून परतताना एका नव्या सुनेने मला विचारले, "काकू, वनस्पतीतही जीव आहे म्हणतो आपण. मग बाग करणं हे पाप नाही का?" तिला तिथल्या तिथे नीट उत्तर देता आले नाही. आज सविस्तर लिहिते. मात्र त्यासाठी आधी कोयनानगरला जावे लागेल, कारण बागेचे धडे मला मिळाले ते तिथल्या परसातून, सासूबाईंच्या तोंडून.

सासूबाई सांगलीकडच्या. कोरड्या हवेत वाढलेल्या. सासरे धरणाच्या कामावर लागले आणि त्या पाटण तालुक्यातल्या त्या वसाहतीत राहायला गेल्या. सांगली भागात वर्षाला ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस, तर कोयनानगरला सरासरी ५००० मिलिमीटरच्या आसपास. पहिल्या वर्षी त्यांनी माहेरच्या पद्धतीने सपाट वाफे केले आणि आषाढात सगळी रोपे कुजली. दुसऱ्या वर्षी शेजारच्या गावकरी बाईने दाखवले, की इथे माती उंच ओढून गादीवाफे करायचे, चर काढून पाणी वाहते ठेवायचे, आणि वेल जमिनीवर न सोडता मांडवावर चढवायचे. लाल मातीतले खत पावसाने धुऊन जाते, म्हणून पालापाचोळा जाळायचा नाही, तो बुंध्याशी पसरायचा. पाला न जाळण्याचे आणखी एक कारण सासूबाईंनी आपले आपण शोधले. त्यात किती किडे-मुंग्या असतात!

आपण ज्याला 'आपली परसबाग' म्हणतो, ती मुळात कुठली आहे हेही पाहण्यासारखे आहे. तुळस, मोगरा, पारिजातक, सोनचाफा, तेरडा, वांगी, काकडी ही मंडळी जुनी. पण दसऱ्याचा झेंडू मेक्सिकोचा, निशिगंधही तिकडचाच. गुलबाक्षी आणि देवचाफा अमेरिका खंडातले, सदाफुली मादागास्करची. मिरची, टोमॅटो, पेरू, पपई, सीताफळ हे सगळे कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर जगभर पसरले. आपल्या किनाऱ्यावर यातले बरेचसे पोर्तुगीजांच्या जहाजांतून उतरले आणि मग घाट चढून आले.

बटाटाही त्याच खंडातला. मग आपल्या आचार्यांनी बटाटा वर्ज्य कधी केला? नावाने केलाच नाही, कारण तो तेव्हा इथे नव्हता. समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात मुळा, ओले आले, लोणी, कडुलिंबाची फुले आणि केतकी अशी नावे येतात, आणि त्यामागचे कारणही दिलेले आहे. फळ थोडे आणि घात फार, असे जे असेल ते सोडावे. कंदात अनंत जीवांचा वास आणि तो काढायचा तर अख्खे झाडच उपटायचे, म्हणून पुढे आलेला बटाटाही त्याच न्यायाने वर्ज्य झाला. नियम नावांच्या यादीचा नाही, हिशोबाचा आहे.

त्या सुनेच्या प्रश्नाचे उत्तर मला इथेच सापडते. श्रावकाला एकेंद्रिय जीवांची हिंसा पूर्ण टाळता येत नाही. ती टाळायची तर मुनिदीक्षाच घ्यावी लागेल. पण अनर्थदंडव्रत सांगते की कारणावाचून जमीन खणू नका, कारणावाचून पाणी सांडू नका, कारणावाचून झाड तोडू नका. म्हणजे बाग करायची ती 'कारणावाचून' हा शब्द मनात धरून. भगवान आदिनाथांनी प्रजेला जी सहा कर्मे शिकवली, त्यात कृषी आहेच की.

सासूबाईंचे वर्ष या हिशोबाने चालायचे. चैत्र-वैशाखात मोगरा आणि सोनचाफा. खणायचे ते याच दिवसांत, माती कोरडी आणि जीवजंतू कमी असताना. ज्येष्ठात दोडका, पडवळ, कारल्याच्या बिया. यांचे फळ तोडले तरी वेल जगतो. आषाढात चातुर्मास लागला की कुदळ बंद. गंमत म्हणजे कोयनेत सगळे हिरवेगार होते ते नेमके तेव्हाच, आणि आपण पालेभाजी सोडतो तीही तेव्हाच, कारण पावसात पानापानाला बारीक किडे असतात. मग चार महिने बाग फक्त बघायची. भाद्रपदात कुंपणाशी तेरडा फुलायचा. सात वर्षांनी कधी डोंगरउतारावर कारवी निळी-जांभळी व्हायची, तेव्हा सगळी वसाहत बघायला जायची. दशलक्षणात पूजेला घरची फुले, तीही शक्यतो गळून पडायच्या बेतातली. उत्तरेकडच्या तेरापंथी दिगंबरांत फुलांऐवजी केशरात रंगवलेले तांदूळ वाहतात, हे त्यांना पुढे यात्रेत कळले. त्यांना ते फार आवडले, पण दक्षिणेतली आपली रीत त्यांनी मोडली नाही. फक्त फुले कमी वाहू लागल्या. कार्तिकानंतर मेथी, कोथिंबीर, शेवंती. अष्टमी-चतुर्दशीला हिरवे नाही, त्या दिवशी बागेलाही सुट्टी.

आणि मग ११ डिसेंबर १९६७. पहाटे चार वाजून गेले होते. साडेसहा रिश्टरच्या आसपासचा धक्का बसला. दगडी भिंतींची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. दोनशेच्या जवळपास माणसे गेली आणि वसाहतीतली बहुतेक घरे पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. सासूबाई मुलांना घेऊन परसात धावल्या, म्हणून वाचल्या. धक्के पुढेही येत राहिले. कितीतरी रात्री त्यांनी शेवंतीच्या वाफ्यांवर घोंगड्या टाकून काढल्या. डिसेंबर म्हणजे शेवंतीचा बहर, तो सगळा अंगाखाली चिरडला. त्या म्हणत, "त्या झाडांनी आम्हाला अंथरूण दिलं. मी मिच्छामि दुक्कडम् म्हटलं आणि झोपले." पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी काश्या फुटून शेवंती वर आली, तेव्हा त्यांनी पुन्हा बाग धरली.

एक गोष्ट मात्र त्या शेवटपर्यंत बोलत राहिल्या. धरण १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला उभे राहिले. १०३ मीटर उंच भिंत, आणि शिवसागराचे पाणी पार तापोळ्यापर्यंत. त्या पाण्याखाली शंभराच्या आसपास गावांच्या जमिनी आणि घरे गेली. गादीवाफे करायला शिकवणारी ती बाई त्यातल्याच एका गावची होती. तिच्या परसात फणस होता, तो बुडाला. कोयनेचे धरणग्रस्त सोलापूर, सांगली, रायगड, ठाणे, रत्नागिरी असे विखुरले. पुरे पुनर्वसन व्हावे म्हणून २०१८ सालीही त्यांना कोयनानगरात ठिय्या द्यावा लागला. त्या विजेवर आपले दिवे लागले. सासूबाई म्हणायच्या, "माझ्या कुंडीतल्या मातीचा हिशोब मी ठेवते, पण त्या फणसाचा हिशोब कोणी ठेवला?" यालाही 'कारण' होते, हे त्यांना मान्य होते. पण कारण असले म्हणजे देणे फिटत नाही, असे त्यांचे म्हणणे. सांगलीला परतल्यावर दर चातुर्मासाच्या आधी त्या एक फणसाचे रोप तयार करून कुणाला तरी देत. ही रीत आता मी चालवते.

तेव्हा त्या सुनेला सांगते, बाग जरूर कर. गाळलेले पाणी घाल, उरलेले धुण्याचे पाणी वाया घालवू नकोस. कंद लावू नकोस, फळवेल लाव. कीड दिसली तर फवारणीआधी हाताने पान काढून बाजूला ठेव, थोडा वाटा तिचाही. चातुर्मासात कुदळ ठेवून दे आणि नुसती बघत बस. आणि आपल्या सुखासाठी कुणाचे परस गेले असेल, तर एक झाड त्याच्या नावाने लाव.

जय जिनेंद्र.