एवढं कुत्र्यासाठी?

मंडळी, परळला जनावरांचा जो जुना मोठा दवाखाना आहे, त्याचे पाटीवरचे नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल. मुंबईकर मात्र त्याला पिढ्यान्‌पिढ्या 'बैलघोडा' म्हणत आले. नाव जरा नीट ऐका. त्यात बैल आहे, घोडा आहे. कुत्रा नाही.

आणि ते बरोबरच होते. सर दिनशॉ माणेकजी पेटिट यांनी १८८३ च्या सुमारास पत्नीच्या नावाने हा दवाखाना उभा करायला देणगी दिली, तेव्हाची मुंबई बैलांच्या आणि घोड्यांच्या पायांवर चालत होती. कापसाचे गठ्ठे बैलगाडीने बंदरात जात. १८७४ मध्ये ट्राम सुरू झाली तीही घोड्यांची, विजेची ट्राम यायला १९०७ साल उजाडले. जनावर लंगडले की धंदा थांबायचा. १८८६ मध्ये त्याच आवारात मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्यानंतर तीन वर्षांनी, म्हणजे १८८९ मध्ये, गुरांच्या साथींवर संशोधन करायला सरकारने पुण्यात एक प्रयोगशाळा काढली आणि १८९३ मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. सगळी धडपड बुळकांडीसारख्या रोगांसाठी. ज्या जनावराला किंमत, त्याला औषध. साधा हिशेब.

हा हिशेब आमच्या भागाला नवा नाही. मुरबाडहून वैशाखऱ्याच्या बाजूने नाणेघाट चढून गेलात तर वरच्या लेण्यात सातवाहनांच्या नागनिका राणीचा लेख आहे. दोन हजार वर्षे जुना. मी मुलांना सहलीला घेऊन जात असे, तेव्हा वर पोचेपर्यंत निम्म्यांचे डबे रिकामे झालेले असत, पण लेखापुढे उभे करून मी सांगायचेच. त्या लेखात यज्ञात दिलेल्या दक्षिणांची यादी आहे : गाई, घोडे, हत्ती, कार्षापण. सगळे मोजून लिहिलेले. कुत्रा त्यात यायचे कारणच नव्हते. दान द्यायचे तर वस्तूला मोल हवे! आजही म्हशाच्या यात्रेत, पौष पौर्णिमेला, बैलांचा बाजार भरतो. दात बघतात, खूर बघतात, रुमालाखाली बोटे धरून भाव ठरतो. यात्रेत कुत्रीही पुष्कळ हिंडतात, त्यांचे दात कोणी बघत नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाई, आपल्या संस्कृतीत कुत्र्याला मान आहे. आहे की. धर्मराजाने कुत्र्याशिवाय स्वर्गात पाऊल टाकायला नकार दिला. दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत, खंडोबाबरोबर कुत्रा आहे, नामदेव तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले. पण या गोष्टी पुन्हा आठवून पाहा. यातला एकही कुत्रा आजारी नाही. कुणाला रात्रभर उलट्या होत नाहीत, कुणाचे मागचे पाय लुळे पडलेले नाहीत. आजारी जनावराचा विचार सापडतो तो सम्राट अशोकाच्या शिलालेखात. त्याच्या दुसऱ्या आज्ञेत माणसांच्या आणि पशूंच्या, अशा दोन्ही चिकित्सांची सोय केल्याचे म्हटले आहे. (आपल्या सोपाऱ्याला सापडलेला तुकडा त्या आज्ञेचा नव्हे बरं का, तो आठव्या आज्ञेचा. दुसरी वाचायची तर गिरनारला जायला हवे.)

आमच्या लहानपणी शहापूर-मुरबाडच्या गावांत कुत्रे 'पाळायचे' नसे, ते असायचे. उरलेली भाकरी, आंबील, पेज यावर जगायचे आणि रात्री खळ्यावर भुंकायचे. बिबट्या आला तर पहिला बळी त्याचा. लूत लागली तर करंजाच्या तेलात गंधक कालवून फासायचे. त्याहून मोठे दुखणे आले की कुत्रा आपणच कुडाच्या कडेला, गवताच्या गंजीखाली जाऊन पडायचा. लोक म्हणत, त्याचे औषध त्याला कळते, खाईल गवत. खाल्ले तर उठायचा, नाहीतर दोन दिवसांनी वासावरून कळायचे. यात निर्दयपणा होता असे मला वाटत नाही. ज्या घरात पोराच्या तापाला तालुक्याला जायला पैसे नव्हते, तिथे कुत्र्याला कोण नेणार?

एकच दुखणे असे होते की ज्याच्याकडे सगळ्या गावाचे लक्ष असे. कुत्रा पिसाळणे. लाळ गळू लागली, आवाज बदलला, की लाठ्या निघायच्या. लुई पाश्चरने १८८५ मध्ये जोसेफ माइस्टर या मुलाला लस टोचून वाचवले खरे, पण ती लस आपल्या देशात मिळू लागली ती १९०० मध्ये कसौलीला पाश्चर संस्था निघाल्यावर. दक्षिणेत कुन्नूरला १९०७ मध्ये. कुठे कसौली आणि कुठे किन्हवली! पुढे १९११ मध्ये कसौलीच्याच डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून लस केली, आणि तीच ती पोटातली चौदा इंजेक्शने. माझ्या पिढीतल्या प्रत्येकाला त्यांची धास्ती आहे. त्या धास्तीपायी चावलेले लपवणारी मुले मी वर्गात पाहिली आहेत, जखमेवर चुना आणि मिरचीपूड भरून आलेली. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे जखम धुवा, हे फळ्यावर लिहून ठेवायची पाळी आली होती. ती मेंदूची लस आपल्याकडे २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता दंडात चार-पाच टोचण्या, संपले. माणसाचा जीव वाचला, आणि मला वाटते, त्याचबरोबर कुत्राही ओसरीवरून घरात आला. ज्याची भीती वाटते त्याला कोण उशाशी घेईल?

मुंबईत मात्र कुत्र्यांवरून एकदा चक्क दंगल झालेली आहे. जून १८३२. उन्हाळ्यात भटकी कुत्री मारायची मोहीम सरकार घेत असे, कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस. त्या वर्षी मोहिमेची मुदत वाढवली आणि बक्षिसापायी घरांच्या दारातली कुत्रीही मारली जाऊ लागली. पारशी समाजात मृताचे अंत्यदर्शन कुत्र्याकडून करवायचा 'सगदीद' हा विधी आहे, त्यामुळे कुत्रा त्यांना पवित्र. त्यांच्या एका पवित्र दिवशीच हा प्रकार झाला आणि लोक रस्त्यावर उतरले. हिंदू, जैन दुकानदार सामील झाले, कोटातली बाजारपेठ बंद, सैन्य बोलवावे लागले. शेवटी कुत्री मारण्याऐवजी गावाबाहेर नेऊन सोडायचे ठरले. आणि १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरपोळ निघाली. या देशात बिनमोलाच्या जनावरासाठी शहराने पैसे मोजल्याच्या ज्या गोष्टी आहेत, त्यांतली ही मला सगळ्यांत आवडते.

हे सगळे आज लिहायला एक घरगुती निमित्त आहे. पुण्याच्या पुतण्याच्या लग्नाला मी गेले नाही. टिप्या आजारी होता म्हणून. "एवढं कुत्र्यासाठी?" हा प्रश्न तेव्हा फोनवर आला आणि अजूनही सणावाराला निघतो. रागावलेल्यांतले बरेच जण हे वाचतील, म्हणून सविस्तर लिहिते.

टिप्या अकरा वर्षांचा, गावठीच. पावसाळा सरता सरता खाणे सोडले. हिरड्या पांढऱ्याफटक, एक दिवस नाकातून रक्त. गोचीडताप. हा शब्द मला तेव्हा कळला. गोचिडातून रक्तात जाणारे जंतू एकाहून अधिक आहेत. त्यातला एक मद्रासच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात पॅटन नावाच्या गोऱ्या डॉक्टराला १९१० मध्ये प्रथम सापडला, मग तोच कोल्ह्यांतही दिसला. दुसरा १९३५ मध्ये अल्जीरियात. म्हणजे माझ्या आजोबांच्या वाघ्याला जे झाले असेल त्याला तेव्हा जगातही धड नाव नव्हते. रक्त तपासायला शेजाऱ्यांच्या जीपमधून कल्याणला नेले. प्लेटलेट घसरलेल्या. अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्या दिल्या, ताप उतरला, पण मूत्रपिंडे गेली. मग घरीच एक दिवसाआड मानेमागची कातडी चिमटीत धरून सलाईन द्यायचे. सुई टोचायला मी शिकले, वयाच्या बाहत्तराव्या वर्षी! लग्नाचा दिवस आला तो याच्या तिसऱ्या आठवड्यात. सुई दुसऱ्या कुणाकडून तो टोचून घेत नव्हता.

आमच्याकडे गाय अडली म्हणून लग्नाला न आलेले लोक मी पाहिले आहेत. त्यांना कोणी हसत नाही. उलट सोयरे विचारतात, सुटली का नीट?

आणि मोठ्यांचेच दाखले हवे असतील तर तेही आहेत. छत्रपती शाहू महाराजांचा खंड्या. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांना वाचवले, म्हणून त्याला जहागीर आणि पालखीचा मान दिला अशी कथा सांगतात. संगम माहुलीला त्याची समाधी दाखवतात. ही माहुली साताऱ्याजवळची, आमच्या शहापूरची नव्हे. आमच्या माहुलीवर १६३६ मध्ये शहाजीराजांनी मोगल-आदिलशाही फौजांपुढे शस्त्र ठेवले. नावसारखेपणामुळे मुले पेपरात हमखास घोटाळा करत.

अलीकडचा दाखला रतन टाटांचा. फेब्रुवारी २०१८ मध्ये लंडनला बकिंगहॅम राजवाड्यात प्रिन्स चार्ल्स, म्हणजे आताचे राजे, यांच्या हस्ते त्यांचा जीवनगौरव व्हायचा होता. टँगो आणि टिटो या त्यांच्या कुत्र्यांपैकी एक फार आजारी पडला. टाटा गेलेच नाहीत. ही हकीकत त्यांचे स्नेही सुहेल सेठ यांनी सांगितलेली आहे. पुरस्कार देणारे रागावले नाहीत, हेही त्यांनीच सांगितले. आमच्या पुतण्याकडचे मांडव राजवाड्यापेक्षा कडक असावेत!

टाटांनी एकदा एका कुत्र्याच्या सांध्याच्या शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठ गाठले होते. उशीर झाल्याने सांधा बदलता आला नाही. असे दवाखाने इथेच हवेत हे त्यांच्या मनाने घेतले. टाटा ट्रस्टने १६५ कोटी रुपये खर्चून महालक्ष्मीला लहान प्राण्यांचे रुग्णालय उभारले आणि जुलै २०२४ मध्ये ते सुरू झाले. आधी ते नवी मुंबईत कळंबोलीला व्हायचे होते, पण मुंबईकरांना लांब पडेल म्हणून जागा बदलली. वाचून मला हसू आले. लांब! डोळखांबहून एकदा यावे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये टाटा गेले. मृत्युपत्रात टिटोच्या सांभाळाची तरतूद होती, असे वर्तमानपत्रांत आले.

पैसा, अंतर, रजा यांतून माणूस वाट काढतो. खरा प्रश्न शेवटी येतो. १९२८ मध्ये साबरमतीच्या आश्रमात एक वासरू असाध्य दुखण्याने तळमळत होते. कूसही बदलता येत नव्हती. गांधीजींनी डॉक्टरला बोलावून त्याला विषाचे इंजेक्शन देववले, स्वतः शेजारी उभे राहून. नंतर ते उघडपणे लिहिले. संतापाच्या पत्रांचा पाऊस पडला. दोन वर्षांपूर्वी, १९२६ मध्ये, अहमदाबादच्या एका गिरणीमालकाने साठ भटकी कुत्री मारली तेव्हाही गांधीजींनी त्याची बाजू घेतल्यावर असेच झाले होते. अहिंसेचा आयुष्यभर विचार केलेल्या माणसाला जे सोपे गेले नाही, ते मला ओसरीवर बसून ठरवायचे होते.

आमचे डॉक्टर सरकारी दवाखान्यातले, खरे म्हणजे गुरांचे. ते म्हणाले, "बाई, तो खातोय, तुम्हाला बघून शेपूट हलवतोय, तोवर मी हात लावणार नाही." मी कॅलेंडरवर खुणा करू लागले. खाल्ले तर टिंब, शेपूट हलली तर रेघ. पाचव्या आठवड्यात सलग तीन दिवस चौकट कोरी राहिली. चौथ्या दिवशी सकाळी मी फोन केला. एका अडलेल्या म्हशीकडे जाता जाता डॉक्टर थांबले. पाच मिनिटांचे काम. मी डोके मांडीवर घेऊन बसले होते. पैसे घेतले नाहीत, चहाही घेतला नाही, म्हैस वाट बघत होती.

वाडीवरचे दोन ठाकर मुलगे, माझेच जुने विद्यार्थी, परसात करवंदीच्या जाळीजवळ खड्डा खणायला आले. माती लोटून झाल्यावर धाकटा म्हणाला, "बाई, वर मोठा दगुड पाहिजे. नायतर कोल्हं उकरतंय." ओढ्यावरून दोघांनी मिळून एक चपटा दगड उचलून आणला.