शिंद्यांचे कंपू आणि बुऱ्हाणपूर

वाचकहो, ‘त्यांचा एक वेगळाच कंपू आहे’ असे आपण आजही सहज बोलून जातो. अठराव्या शतकाच्या अखेरीस या शब्दाला मोठे वजन होते. कंपू म्हणजे शिंद्यांच्या कवायती फौजेचा एक भाग. पहिल्या कंपूत पायदळाच्या दहा पलटणी होत्या, सोबत तोफखाना आणि थोडे स्वार. या कंपूंचा शेवट ज्या महिन्यांत झाला, त्यांतला एक दिवस आपल्या गावाचा आहे. १६ ऑक्टोबर १८०३ रोजी कर्नल स्टीव्हन्सनची इंग्रज फौज बुऱ्हाणपुरात शिरली. लढाई झालीच नाही. पाच दिवसांनी वीस किलोमीटरवरचा असीरगडही पडला. हिंदुस्थानातली उत्तम कवायती फौज बाळगणाऱ्या सरदाराचे शहर असे कसे गेले, हे आपण समजून घ्यायला हवे.

आधी थोडे मागे जाऊ. आपले शहर मराठ्यांकडे आले तेच मुळी कवायती पायदळाच्या आधाराने. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले आणि तहात असीरगड, बुऱ्हाणपूर, दौलताबाद मिळवले. त्या मोहिमेत इब्राहिमखान गारदी होता. फ्रेंच सेनानी बुसीच्या हाताखाली त्याने विद्या घेतली आणि पुढे स्वतःच पलटणी उभ्या केल्या. तो इथलाच माणूस होता, आणि शिकणाराचा शिकवणारा झाला होता. पुढच्याच जानेवारीत पानिपतानंतर तो पकडला गेला आणि मारला गेला.

त्यानंतर तेवीस वर्षांनी, १७८४ मध्ये, महादजी शिंद्यांनी डी बॉयन या परदेशी माणसाला चाकरीत घेतले. सव्हॉय प्रांतातल्या शाँबेरी गावी १७५१ साली जन्मलेला हा गृहस्थ फ्रान्सच्या फौजेत राहिला, रशियाकडून तुर्कांशी लढला, त्यांच्या कैदेत पडला आणि फिरत फिरत हिंदुस्थानात आला. प्रारंभी त्याच्याकडे दोनच पलटणी दिल्या. १७८७ मध्ये लालसोटला महादजींकडची बादशाही पलटणे फितूर झाली, तेव्हा या दोन पलटणी जागच्या हलल्या नाहीत. महादजींनी ते ध्यानात ठेवले. १७९० मध्ये पूर्ण कंपू उभा राहिला आणि त्याच वर्षी पाटण व मेडता येथे राठोडांच्या नामांकित घोडदळाला त्याने हरवले.

डी बॉयनने नेमके काय केले? बंदुकीची कवायत तर शिकवलीच, पण त्याहून मोठे काम पगाराचे होते. त्या काळी शिपायाचा पगार महिनोन् महिने तुंबायचा आणि मग सरदाराच्या दाराशी धरणे बसायचे. महादजींनी दुआबातला मुलूख फौजेच्या खर्चासाठी लावून दिला आणि शिपायाला ठरल्या दिवशी रोख मिळू लागले. जखमींची आणि अपंगांची सोय झाली. आग्र्याला तोफा ओतल्या जाऊ लागल्या. शिपायाचे धैर्य पुष्कळ अंशी या शिस्तीतून आले.

मग चुकले कुठे? आपल्याकडचे एक जुने मत असे, की गनिमी कावा सोडला म्हणून आपण बुडालो. मला हे पटत नाही. दिल्ली-आग्र्याच्या मुलखात किल्ले घ्यायचे आणि ठाणी राखायची, तर नुसत्या स्वारांवर भागणार नव्हते. महादजींची गरज खरी होती आणि उपायही बरोबर होता. उणीव दुसरीकडे राहिली. पलटणींवरचे वरचे अधिकारी जवळजवळ सगळे युरोपीय होते, आणि तो मुलूखही त्यांच्या सेनापतीच्याच हाती होता. आम्हा व्यापारी घरांत म्हणतात तसे, चोपडी मुनिमाच्या अक्षरात आणि मालकाला ते अक्षर लागत नाही. मुनीम प्रामाणिक असेतोवर पेढी उत्तम चालते.

महादजी १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीला वारले. डी बॉयन १७९५ च्या अखेरीस प्रकृतीच्या कारणाने निघून गेला. जाताना त्याने दौलतरावांना सल्ला दिला, की इंग्रजांच्या डोळ्यांवर येऊ नका. वेळ पडली तर पलटणी मोडा, पण त्यांच्याशी लढू नका. त्याच्या जागी पेराँ आला. १८०३ मध्ये युद्ध पेटताच इंग्रजांनी जाहीरनामा काढून मराठ्यांच्या चाकरीतल्या आपल्या लोकांना परत बोलावले. अधिकारी फुटू लागले. ४ सप्टेंबरला अलीगड पडले आणि पेराँ स्वतःच इंग्रजांच्या आश्रयाला गेला.

शिपाई मात्र फुटले नाहीत. २३ सप्टेंबरला असईला वेल्स्लीने नदी ओलांडून बगलेवर चाल केली, तेव्हा पोलमनच्या पलटणींनी शत्रूदेखत आपली सबंध फळी वळवून नवे तोंड धरले. कवायत किती मुरली होती, याचा याहून मोठा दाखला नाही. वेल्स्लीची दीड हजारांवर माणसे मेली वा जखमी झाली. हरलेल्या पलटणींतले उरलेले लोक अजिंठ्याचा घाट उतरून आपल्या बुऱ्हाणपूरकडे आले, आणि मागोमाग स्टीव्हन्सन आला. इथेच काही युरोपीय अधिकारी त्याच्या स्वाधीन झाले. १ नोव्हेंबरला लासवाडीला तर अधिकारी सोडून गेलेल्या पलटणी तोफांपाशी लढत पडल्या. यांना फ्रेंच अधिकारी असते तर निकालाची खात्री नव्हती, अशा अर्थाचे खुद्द सेनापती लेकने लिहिले आहे.

वाचकहो, लेकचे ते वाक्य शत्रूने केलेली स्तुती म्हणून आपण अभिमानाने सांगतो. ते नीट वाचले तर त्यात आपल्या उणिवेचे निदानही आहे. हात तयार होते, छाती तयार होती. हुकूम देणारा घरचा माणूस तयार केला नव्हता. एकोणीस वर्षे हाताशी होती. इब्राहिमखानासारखे आणखी दहा जण तेवढ्या काळात तयार झाले असते.

३० डिसेंबरच्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने बुऱ्हाणपूर आणि असीरगड शिंद्यांना परत मिळाले. पण दुआब गेला, म्हणजे पगाराचा झराच आटला. १८१९ मध्ये असीरगडाला पुन्हा वेढा पडला आणि तो कायमचा गेला. डी बॉयन आपल्या गावी संपन्न होऊन १८३० साली वारला. त्याच्या स्मरणार्थ शाँबेरीच्या चौकात चार हत्तींचे कारंजे उभारले आहे. त्याच्या शिपायांचे असे स्मारक कुठे नाही. पुढल्या वेळी असीरगड चढाल, तेव्हा त्यांची आठवण ठेवा.