खेळाचा कायदा आणि खेळाडूची खुर्ची



२३ जुलै १९५२ रोजी हेलसिंकी येथे कऱ्हाड तालुक्यातील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतर बरोबर ७३ वर्षांनी, २३ जुलै २०२५ रोजी, राष्ट्रीय क्रीडा प्रशासन विधेयक लोकसभेत मांडले गेले. तारीख जुळली हा योगायोग. परंतु मधली ७३ वर्षे काही योगायोगाने गेलेली नाहीत. ती का गेली, आणि कायदा आल्याने खेळाडूच्या पदरात काय पडले, एवढेच आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

मी इतिहासाचा पदवीधर नव्हे. नववीनंतर माझी शाळा सुटली. पुढले शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि कामगार न्यायालयाच्या बाकांवर झाले. त्यामुळे कोणतीही संस्था पाहिली की तिचे उद्देश मी सर्वांत शेवटी वाचतो. आधी पाहतो ते हे : सभासद कोण, मत कोणाला, आणि हिशेब कोणापुढे ठेवला जातो? हीच तीन मापे मी ह्या इतिहासाला लावणार आहे.

आरंभ आपल्या पुण्यातच झाला. डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर अनवाणी धावणारी मुले सर दोराबजी टाटांनी पाहिली आणि ह्यांना ऑलिंपिकला पाठवावे असे त्यांच्या मनाने घेतले. १९२० साली अँटवर्पला जो चमू गेला त्यात धावणारे फडेप्पा चौगुले व सदाशिव दातार होते, पैलवान कुमार नवले व रणधीर शिंदे होते. शिंदे आपल्या गटात चौथे आले. १९२७ साली भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली व दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले. ह्या आरंभाला नाव ठेवण्यासारखे काही नाही. मात्र त्याने एक वळण पडले. एक देणारा आणि एक घेणारा. देणारा खुर्चीवर, घेणारा दारात. दोराबजींच्या ठिकाणी पुढे पुढे पुढारी आले, अधिकारी आले, कारखानदार आले. खुर्ची बदलली नाही, दारही बदलले नाही.

खाशाबांचीच गोष्ट घ्या. हेलसिंकीला जाण्यासाठी त्यांना दारोदार वर्गणी मागावी लागली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, म्हणून तो पैलवान हेलसिंकीला जाऊ शकला. देशात ऑलिंपिक संघटना होऊन तेव्हा २५ वर्षे झाली होती. ह्या उदार माणसांपुढे आपण हात जोडतो, ते योग्यच आहे. पण उदारपणावर जे मिळते त्याला हक्क म्हणता येत नाही. बक्षिसी आणि पगार ह्यांतला भेद गिरणगावात वाढलेल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

सरकार काय करीत होते? १९५४ साली अखिल भारतीय क्रीडा परिषद नेमली गेली. ती सल्ला देणारी होती. १९६१ साली पतियाळाला प्रशिक्षक घडविणारी राष्ट्रीय संस्था निघाली. १९७५ साली केंद्राने पत्र काढून क्रीडासंघटनांच्या पदाधिकाऱ्यांच्या मुदतींवर मर्यादा घातली. पण परिपत्रकाला दात नसतात. अनुदान अडविण्यापलीकडे सरकारच्या हाती काही नव्हते, आणि अनुदान अडविले की उपास घडतो तो खेळाडूला, अध्यक्षाला नव्हे. शिवाय घटनेच्या सातव्या परिशिष्टात खेळ हा विषय राज्यांच्या यादीत आहे; ३३ व्या नोंदीत, नाटक-सिनेमा आणि करमणूक ह्यांच्या पंक्तीला. केंद्राने कायदा करावा की न करावा, हा वाद कित्येक वर्षे त्या एका नोंदीभोवती फिरत राहिला.

आता १९८२ साल. ते वर्ष मी पुस्तकातून शिकलो नाही. १८ जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लक्ष कामगार बाहेर पडले. माझे वडील साचेखात्यात होते. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला दिल्लीत आशियाई खेळ सुरू झाले. चाळीत एकाच खोलीत टेलिव्हिजन होता. दिव्यांनी उजळलेले ते नवे स्टेडियम आम्ही पोरे दाराबाहेर दाटीवाटीने उभी राहून पाहत होतो. आमची कबड्डी तेथे, केवळ प्रात्यक्षिक म्हणून का होईना, मांडली गेली, ह्याचा केवढा अभिमान! आणि त्याच वेळी आमच्या मंडळातले चढाईला वाघासारखे असलेले दोन गडी गिरणी बंद म्हणून गावी निघून गेले होते. गिरणीचा संघ गेला, नोकरी गेली, सराव गेला. खेळ हा पोटापासून वेगळा काढता येत नाही, हे मी त्या वर्षी शिकलो.

त्या स्टेडियमांची निगा राखावी आणि खेळ वाढवावा म्हणून १९८४ साली भारतीय क्रीडा प्राधिकरण निघाले. मोठी संस्था, मोठे काम. पण तिचा जन्म संसदेच्या कायद्याने झालेला नाही. १८६० च्या संस्था-नोंदणी कायद्याखाली तिची नोंद झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये खाशाबा अपघातात वारले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर.

पुढला काळ भांडणाचा. २०११ साली सरकारने क्रीडासंहिता केली. त्याच वर्षी कायद्याचा मसुदा मंत्रिमंडळापुढे गेला आणि परत फिरला. संघटनांच्या खुर्च्यांवर असलेली काही मंडळी त्याच मंत्रिमंडळात होती, हे येथे सांगितले पाहिजे. संघटना म्हणत, आम्हांला स्वायत्तता हवी. सरकार म्हणे, आम्हांला शिस्त हवी. डिसेंबर २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने भारतीय संघटनेला निलंबित केले, आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये सोची येथील उद्‌घाटनात आपल्या खेळाडूंना तिरंग्याविना चालावे लागले. भांडण दोन थोरांचे. झेंडा गेला तो खेळाडूच्या हातातला.

आणि मग जानेवारी २०२३. कुस्तीतल्या पदकविजेत्या मुली दिल्लीच्या जंतरमंतरवर बसल्या. लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन त्या आल्या होत्या. चौकशी समितीच्या अहवालानंतर क्रीडाखात्यानेच जाहीर केले की, कुस्ती महासंघात अशा तक्रारींसाठी कायद्याने लागणारी अंतर्गत समितीच धड नव्हती. तो कायदा २०१३ चा. दहा वर्षे झाली होती! एखाद्या कारखान्यात असे आढळते तर आम्ही दारावर मोर्चा नेला असता. त्या मुलींना मोर्चा न्यायला युनियनच नव्हती.

ह्या पार्श्वभूमीवर २०२५ चा कायदा आला. लोकसभेने तो ११ ऑगस्टला, राज्यसभेने १२ ऑगस्टला संमत केला. १८ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. ह्या कायद्याने राष्ट्रीय क्रीडा मंडळ निर्माण केले. संघटनांना मान्यता देणे, ती स्थगित वा रद्द करणे हे अधिकार त्याला दिले. तंटे मिटविण्यासाठी न्यायाधिकरण ठेवले, त्यावर अपील सर्वोच्च न्यायालयात. निवडणुकांवर देखरेख ठेवणारी नामिका ठेवली. सुरक्षित क्रीडेचे धोरण व तक्रार-निवारण बंधनकारक केले. हे सारे चांगले आहे, आणि चांगल्याला चांगले म्हणण्यात मला कमीपणा वाटत नाही.

आता माझी तीन मापे लावून पाहा. महासंघाची कार्यकारिणी जास्तीत जास्त १५ जणांची; तीत किमान चार स्त्रिया, दोन नामांकित खेळाडू आणि खेळाडूंच्या समितीचे दोन प्रतिनिधी. म्हणजे १५ पैकी चार खुर्च्या खेळाडूंच्या. शून्यापेक्षा चार बरे. पण वरच्या मंडळाचे काय? त्याचे अध्यक्ष व सदस्य केंद्र सरकार नेमणार. खेळाडूने निवडून दिलेला एकही नाही. माहिती-अधिकार सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांपुरता. आणि वयाची ७० ची मर्यादा, आंतरराष्ट्रीय नियम आड येत नसतील तर, ७५ पर्यंत सैल झाली.

हाच प्रश्न अमेरिकेने आपल्या ४७ वर्षे आधी हाताळला होता. तेथेही संघटनांची भांडणे आणि खेळाडूंची परवड होती. १९७८ च्या त्यांच्या कायद्याने क्रीडासंस्थांच्या कारभारी मंडळांत किमान एकपंचमांश मते खेळाडूंना दिली. तरीही जिम्नॅस्टिक्समधल्या शेकडो मुलींवर एक डॉक्टर वर्षानुवर्षे अत्याचार करीत राहिला. मुली बोलल्या, न्यायालयात उभ्या राहिल्या, तेव्हा २०२० साली नवा कायदा होऊन खेळाडूंचा वाटा एकतृतीयांशावर गेला. खुर्ची पाहिजेच, पण तिच्यामागे संघटित माणसे नसतील तर ती शोभेची राहते.

हे मी दुसऱ्याला शिकवीत आहे असे समजू नका. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने युनियनचे निम्मे तरी पदाधिकारी प्रत्यक्ष त्या धंद्यात काम करणारे असावेत असे सांगितले होते. उरलेल्या निम्म्यांत मी. एका युनियनचा मी १९ वर्षे सरचिटणीस होतो. एका सर्वसाधारण सभेत मशीनवर काम करणारी एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘काका, तुम्ही आमच्यासाठी पुष्कळ भांडलात. आता आमचे आम्हांला भांडू द्या.’’ मला राग आला. आठ दिवस मी कोणाशी धड बोललो नाही. नंतर राजीनामा लिहिला. ती मुलगी वाटाघाटींत माझ्याहून दोन ठिकाणी चुकली, आणि एका ठिकाणी मला १९ वर्षांत जे मिळाले नव्हते ते मिळवून आली.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. कायद्याने मैदान आखून दिले आहे. रेषा कोठे चुकल्या तेही आपण पाहिले. ह्यापुढे जिल्ह्याजिल्ह्यातल्या कबड्डीच्या, कुस्तीच्या, धावण्याच्या पोरापोरींनी त्या चार खुर्च्यांवर कोण बसते हे पाहावे, आपले प्रतिनिधी आपण निवडावे, हिशेब मागावा. आणि आमच्यासारख्या जुन्या मंडळींनी वेळेवर उठावे.