विमा : भय नेमके कोणाचे? परदेश प्रवासाच्या विम्याचा इतिहास

१/१४
परदेशवारीच्या तयारीत विमा हा बहुधा शेवटचा सोपस्कार ठरतो. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट हाती आले की सर्वांत स्वस्त पॉलिसी घेऊन काम उरकले जाते. या कागदामागे मात्र दोन हजार वर्षांचा पूर्वेतिहास उभा आहे. तो ठाऊक असेल, तर पॉलिसी निवडताना विचारायचा पहिला प्रश्नच बदलतो.

२/१४
फार्सीत ‘बीम’ म्हणजे भय. मराठीतील ‘विमा’ हा शब्द याच कुळातला मानला जातो. म्हणून इतिहासाला विचारायचा प्रश्न असा : प्रत्येक काळात विम्याची सोय झाली, ती नेमक्या कोणाच्या भयापोटी?

३/१४
कौटिलीय अर्थशास्त्रात व्याजाचे दर दिले आहेत. शंभर पणांवर दरमहा सव्वा पण हे धर्म्य व्याज, व्यापारी कर्जावर पाच, अरण्यातून जाणाऱ्यांसाठी दहा आणि समुद्रावर जाणाऱ्यांसाठी वीस पण. विमा हा शब्द येथे नाही, पण वाटेतील धोक्याला किंमत लावलेली आहे. हे भय सावकाराचे : प्रवासी बुडाला तर पैसे बुडतील.

४/१४
भारतीय व्यापाऱ्यांची ‘जोखमी हुंडी’ याच्या पुढचे पाऊल होती. माल सुखरूप पोहोचला तरच या हुंडीचे पैसे द्यावे लागत. तारू बुडाले, तर नुकसान हुंडी विकत घेणाऱ्याचे. कर्ज आणि विमा एकाच कागदात सामावले होते. मात्र संरक्षण मालाला होते. तारवावरच्या माणसाला त्यात जागा नव्हती.

५/१४
सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये एक अजब रीत होती. दूरच्या प्रवासाला निघणारा मनुष्य आपले पैसे दुसऱ्याकडे ठेवी. तो जिवंत परतला तर कित्येक पटींनी परतफेड, न परतल्यास मूळ रक्कमही गेली. शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’ नाटकात याच रीतीचा पाचपटीच्या दराने उल्लेख येतो.

६/१४
प्रवासी फाइन्स मोरिसन याने १६१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात हा व्यवहार नोंदवला आहे. जेरुसलेमला जाताना त्याने शंभर पौंड तिपटीच्या बोलीवर लावले. त्याचा भाऊ हेन्री याने चारशे पौंड लावले. १५९६ साली अलेप्पो सोडल्यावर वाटेतच हेन्री आजारपणाने मरण पावला. हा विम्याच्या नेमका उलट सौदा होता : जगला तर बक्षीस, मेला तर घरच्यांच्या हाती काहीच नाही.

७/१४
१६२४ साली हॅम्बुर्ग शहराने ‘गुलाम निधी’ उभारला. उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे चाचे युरोपीय खलाशांना पकडून गुलाम करीत. वर्गणीतून जमलेल्या या निधीतून खंडणी भरून त्यांना सोडवले जाई. येथे मालाच्या जागी माणूस आला.

८/१४
पुढचे भय आगगाडीने आणले. १५ सप्टेंबर १८३० रोजी लिव्हरपूल–मँचेस्टर मार्गाच्या उद्घाटनाच्याच दिवशी खासदार विल्यम हस्किसन इंजिनाखाली सापडून मरण पावले. त्या काळच्या इंग्लिश कायद्यानुसार मृताच्या कुटुंबाला नुकसानभरपाईचा दावाच करता येत नसे. तो हक्क १८४६च्या कायद्याने मिळाला. मुंबई–ठाणे गाडी १८५३ साली धावली आणि भारतात तसा कायदा १८५५ साली आला.

९/१४
१८४९ साली लंडनमध्ये ‘रेल्वे पॅसेंजर्स अ‍ॅश्युरन्स कंपनी’ स्थापन झाली. आता तिकीटखिडकीवरच विमा मिळू लागला. पहिल्या वर्गाच्या प्रवाशाला तीन पेन्सांत हजार पौंड, दुसऱ्या वर्गाला दोन पेन्सांत पाचशे, तिसऱ्या वर्गाला एका पेनीत दोनशे. अपघात एकच, जिवाची किंमत मात्र डब्यानुसार.

१०/१४
या विम्याचा वंशज आज भारतीयांच्या मोबाइलवर आहे. २०१६ साली आयआरसीटीसीने ९२ पैशांत दहा लाखांपर्यंतचा ऐच्छिक विमा सुरू केला, तोही सर्व वर्गांना सारख्याच रकमेचा. पण अशा विम्याची मर्यादाही जुनीच आहे. तो अपघाताचा विमा आहे. परगावी ताप चढला तर त्याचा उपयोग नाही.

११/१४
परदेशातील आजारपण हा विसाव्या शतकातील विमानप्रवासाने सर्वसामान्यांपुढे आणलेला प्रश्न. १ जानेवारी १९७३पासून भारतातील सर्वसाधारण विमा सरकारी झाला होता आणि १९७३च्याच कायद्याने परकीय चलनावर कडक नियंत्रण होते. अशा काळात परक्या देशातील रुग्णालयाचे बिल डॉलरमध्ये भरायचे कसे? १९८०च्या दशकातील ‘ओव्हरसीज मेडिक्लेम’ने उत्तर दिले : हप्ता रुपयांत, भरपाई परकीय चलनात.

१२/१४
त्यानंतर यजमान राष्ट्रांचे भय पुढे आले. जून २००४पासून शेंगेन व्हिसासाठी किमान तीस हजार युरोंचे वैद्यकीय संरक्षण बंधनकारक झाले. त्यात तातडीचे उपचार आणि रुग्णाला किंवा पार्थिवाला मायदेशी नेण्याचा खर्च येतो. पाहुण्याचे बिल आपल्या तिजोरीवर पडू नये, ही त्यामागची चिंता. म्हणजे तीस हजार युरो हा व्हिसाचा उंबरठा आहे. प्रवाशाची गरज तेवढीच असेल असे नाही.

१३/१४
नातवंडांच्या ओढीने पुण्या-नाशिकहून अमेरिकेला निघालेल्या आजी-आजोबांसाठी हा भेद फार महत्त्वाचा आहे. काही पॉलिसी प्रत्येक उपचारासाठी ठरावीक रक्कमच देतात. बिल त्याच्या कितीही पट असो. हा १८४९च्या तिकीटखिडकीचाच हिशेब. दुसऱ्या प्रकारात प्रत्यक्ष बिलाचा मोठा वाटा ठरलेल्या मर्यादेपर्यंत भरला जातो. रक्तदाब, मधुमेह यांसारखे आधीचे आजार वगळले आहेत का, ते अर्जात लिहिले आहेत का आणि सुरुवातीची किती रक्कम स्वतः भरायची, हे हप्त्याच्या आकड्याआधी वाचावे लागते.

१४/१४
सावकाराचे भय, व्यापाऱ्याचे भय, सरकारी तिजोरीचे भय अशा अनेक भयांनी हा कागद घडवला. प्रवाशाच्या स्वतःच्या आजारपणाला त्यात फार उशिरा जागा मिळाली. त्यामुळे पॉलिसी निवडताना ‘हप्ता किती?’ याच्याही आधी विचारायला हवे : हिने कोणाचे भय दूर होते, व्हिसा अधिकाऱ्याचे की परक्या शहरात आजारी पडणाऱ्या आपल्या माणसाचे?