कट्टर म्हणजे नेमके कोण?

दहावीच्या वर्गात फाळणीचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "सर, पाकिस्तान मौलाना लोकांनीच मागितलं ना?" विचारणारा मुलगा कधी हिंदू असतो, कधी आपलाच. दोघांच्या डोक्यातले चित्र मात्र एकच: दाढी-टोपी म्हणजे कट्टर, आणि कट्टर म्हणजे फुटीर.

इतिहास इतका सरळ नाही. पाकिस्तानची मागणी पुढे नेणारे जिना मुंबईचे बॅरिस्टर, राहणीने पूर्ण विलायती. आणि त्या मागणीला ठाम विरोध करणाऱ्यांत होते देवबंदच्या दारुल उलूमचे मौलाना हुसैन अहमद मदनी. आपले गुरू मौलाना महमूद हसन यांच्यासोबत पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी माल्टामध्ये इंग्रजांची कैद भोगली. नमाज, फिकह, पोशाख, कशातही ते तडजोड करणारे नव्हते. तरीही 1938 मध्ये त्यांनी 'मुत्तहिदा कौमियत और इस्लाम' लिहिले. कौम वतनावर बनते, मिल्लत धर्मावर. म्हणून हिंदू-मुसलमान मिळून एक कौम होऊ शकते, असे त्यांचे म्हणणे. दाखला त्यांनी युरोपचा नव्हे, मदिनेच्या कराराचा दिला. त्या करारात मुसलमान आणि यहुदी एकत्र होते. कवी इक्बाल यांना ही मांडणी अजिबात पटली नाही. त्यांनी मदनींवर बोचरी कविता लिहिली.

पण सगळे देवबंदी मदनींसोबत होते असेही नाही. मौलाना शब्बीर अहमद उस्मानी त्याच मदरशात शिकले आणि तिथेच शिकवत होते. पुस्तके तीच, फिकह तीच. तरी ते मुस्लिम लीगकडे गेले. 1945 मध्ये लीगच्या बाजूच्या उलेमांनी जमियत उलेमा-ए-इस्लाम काढली, तिचे ते अध्यक्ष झाले. 1948 मध्ये जिनांची जनाज्याची नमाज त्यांनीच पढवली. दोघांनाही दीन जपायचा होता. मदनींना वाटले, तो एकसंध देशात आपल्या मशिदी, मदरसे आणि शरियतच्या आधारे जपता येईल. उस्मानींना वाटले, हाती सत्ता असल्याशिवाय जपता येणार नाही.

तिसरी वाट मौलाना मौदूदींची. त्यांचा जन्म 1903 चा, आपल्या औरंगाबादचा. 1941 मध्ये लाहोरला त्यांनी जमात-ए-इस्लामी स्थापली. मदनींचा एकराष्ट्रवाद त्यांना नामंजूर होता आणि लीगचा मुस्लिम राष्ट्रवादही. हुकूमत फक्त अल्लाहची, असे म्हणत त्यांनी इस्लामी राज्याची पूर्ण रचना मांडली. हे मत जुने वाटते, पण शिस्तबद्ध पक्ष, राज्यघटना, विचारसरणी ही सगळी भाषा विसाव्या शतकाची होती. म्हणून अनेक पारंपरिक उलेमा त्यांच्यावर टीका करीत राहिले. वाडवडिलांकडून आलेले सांभाळणे वेगळे आणि जुन्याच्या नावाने नवे उभारणे वेगळे.

आणखी एक नाव घेतले पाहिजे, मौलाना अशरफ अली थानवी यांचे. राजकारणात ते काँग्रेसपासून दूर राहिले. त्या काळी हनफी फिकहनुसार नवरा बेपत्ता झाला किंवा छळ करू लागला तरी बायकोला सुटका मिळणे जवळजवळ अशक्य होते. काही बायका त्यासाठी धर्म सोडू लागल्या. थानवींनी मालिकी फिकहचा आधार घेऊन मार्ग काढला. पुढे 1939 च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यामागे या विचाराचा मोठा वाटा होता. परंपरेच्या आतूनही दार उघडते, ते असे. मात्र खटला मुसलमान न्यायाधीशापुढेच चालावा ही उलेमांची मागणी कायद्यात टिकली नाही, आणि ती खंत त्यांना राहिली.

म्हणून मी मुलांना सांगतो, "कट्टर" या एका शब्दाने काहीच कळत नाही. विचारा, या माणसाला काय जपायचे आहे, ते कोणाच्या हातून जपायचे आहे, आणि त्याची किंमत कोण मोजणार? मदनींचे राजकारण उदार होते, म्हणून त्यांचे प्रत्येक मत उदार ठरत नाही. थानवी राजकारणात सावध होते, म्हणून बायकांचा प्रश्न त्यांना दिसला नाही असेही नाही.

गेल्या वर्षी हे सांगून झाल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मग सर, माझे दादा कोणते?" वर्ग हसला. मी म्हणालो, "घरी जा आणि त्यांनाच विचार." हा प्रश्न आपण घरात फारसा विचारत नाही.