शाई, अक्षर आणि कुलूप

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत अकोल्याकडचा आमचा एक जुना विद्यार्थी अमरावतीस आला असतां आमच्याकडे येऊन गेला. तालुक्याच्या गांवीं तो शिक्षक आहे. पगार बेताचा, घर दोन खोल्यांचें, आणि वाचनाचें व्यसन मात्र मोठें. त्याचा प्रश्न सरळ होता. "सर, घरांत पुस्तकें ठेवायला जागा उरली नाहीं, आणि मोबाइलवर वाचून डोळे दुखतात. ई-इंकचें वाचनयंत्र घ्यावें म्हणतों. परवडेल असें कोणतें घेऊं?" आम्ही पडलों इतिहासाचे अध्यापक. बाजारभाव सांगण्याचा आमचा अधिकार नाहीं, आणि आज सांगितलेला भाव दिवाळीपर्यंत टिकेल याची हमीहि नाहीं. परंतु मराठी वाचकानें स्वस्त ग्रंथ कशास म्हणावें हा प्रश्न या यंत्राहून पुष्कळ जुना आहे. म्हणून त्या विद्यार्थ्यास जें उत्तर आम्हीं दिलें तें थोडें विस्तारून येथें देत आहों.

शाईपासून आरंभ करणें बरें, कारण या यंत्राच्या नांवांतच शाई आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मुंबईस गणपत कृष्णाजी यांनीं शिळाछापावर मराठी ग्रंथ काढले, तेव्हां सोवळ्याच्या लोकांस पुस्तकाच्या किंमतीपेक्षां शाईची धास्ती अधिक होती. छापण्याच्या शाईंत चरबी असते. असलें पुस्तक देवघरांत न्यावें कसें? गणपत कृष्णाजींनीं तुपाची शाई करून हा आक्षेप मिटविला अशी हकीकत आहे. १८४१ सालीं त्यांचें छापील पंचांग निघालें, आणि पुढें छापील पंचांग घरोघर झालें हें सर्वांस ठाऊक आहे. आमचें वऱ्हाड १८५३ च्या तहानें इंग्रजांच्या कारभाराखालीं गेलें. १८६७ सालीं मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला व बडनेरा यांवरून नागपुरास पोहोंचला, आणि कापसाच्या गाठी नेणाऱ्या त्या वाटेनें मुंबईचा छापील माल इकडे येणें सोपें झालें. दोनच वर्षांनीं, १८६९ सालीं, जावजी दादाजी यांनीं निर्णयसागर छापखाना काढला. त्यांचा टाईप इतका सुबक कीं देवनागरीचें खरें वळण तेंच, असें आमच्या आजोबांच्या पिढीस वाटे. त्याहून स्वस्त पोथ्या मिळत नव्हत्या असें नाहीं. परंतु झिजलेल्या खिळ्यांनीं छापलेली तसली एक पोथी आमच्या घरीं होती, आणि ती वाचतांना मात्रा कोठें व अनुस्वार कोठें हें आजोबांस अंदाजानें ठरवावें लागे.

आतांची शाई चरबीचीहि नाहीं व तुपाचीहि नाहीं. अमेरिकेंतील एम्. आय्. टी. या संस्थेंत झालेल्या संशोधनांतून १९९७ सालीं ई इंक नांवाची कंपनी निघाली. तिची युक्ति अशी आहे. पडद्यांत केसाच्या जाडीएवढ्या असंख्य कुप्या बसविलेल्या असतात. प्रत्येक कुपींतील स्वच्छ द्रवांत पांढरे व काळे कण तरंगत असतात, आणि त्यांचे विद्युत्-भार परस्परविरुद्ध असतात. विजेचा प्रवाह एका बाजूनें दिला कीं एका रंगाचे कण वर येतात व दुसऱ्या रंगाचे तळाशीं जातात. पान एकदां उमटलें म्हणजे तें तसेंच ठेवण्यास वीज लागत नाहीं. पान उलटतांना तेवढी लागते. म्हणून एकदां भरलेली बॅटरी कित्येक दिवस पुरते, आणि भारनियमनाचे दिवस ज्यांनीं काढले आहेत त्यांस याचें महत्त्व निराळें सांगावयास नको. शिवाय कागदाप्रमाणें बाहेरचा उजेड परतवून हें पान दिसतें. अकोल्याच्या वैशाखांतील उन्हांत मोबाइलचा पडदा काळाठिक्कर होतो, तेथें हें पान उलट अधिक स्पष्ट दिसूं लागतें. (पारा ४५ अंशांच्या वर असतां यंत्र खिडकींत विसरूं नये, इतकेंच, बॅटरी हा नाजूक पदार्थ आहे.)

असलें यंत्र प्रथम २००४ सालीं जपानांत सोनीनें विकलें. २००७ च्या नोव्हेंबरांत ॲमेझॉनचें किंडल अमेरिकेंत ३९९ डॉलरांस आलें. आपल्याकडे २०१० सालीं अहमदाबादच्या इन्फीबीमनें 'पाय' नांवाचें यंत्र ९,९९९ रुपयांस काढलें. तें फार दिवस टिकलें नाहीं. २०१२ सालीं किंडल येथें ६,९९९ रुपयांस मिळूं लागलें, परंतु ॲमेझॉननें त्यासाठीं मराठीसह पांच भारतीय भाषांतील पुस्तकें विक्रीस काढलीं तीं २०१६ च्या डिसेंबरांत. मधल्या चार वर्षांत ज्यानें तें मराठी वाचण्यासाठीं स्वस्त म्हणून घेतलें, त्याला तें स्वस्त पडलें असें आम्हांस म्हणवत नाहीं.

यंत्र घेण्यापूर्वीं आम्ही एकाच शब्दाची परीक्षा घेतों, आणि तो शब्द आमच्या प्रांताचें नांवच आहे: वऱ्हाड. त्यांत 'ह'च्या आधीं जोडलेला, आडव्या चंद्रकोरीसारखा जो अर्धा 'र' आहे तो मराठीचा खास. संस्कृतास व हिंदीस त्याची गरज पडत नाहीं, आणि म्हणून देवनागरीची सोय करणाऱ्या कारागिरांस त्याची आठवण सर्वांत शेवटीं होते. एका मित्राकडून आम्हीं आठ दिवसांसाठीं आणलेल्या जुन्या यंत्रावर हा 'र' सर्वत्र रफार होऊन 'ह'च्या डोक्यावर चढलेला दिसला. रफार आणि हा 'र' यांत फरक काय, असें कोणी विचारील. दर्या म्हणजे समुद्र, आणि दऱ्या मेळघाटांत आहेत. आचार्यांस निमंत्रण पाठविणें व आचाऱ्यांस निमंत्रण पाठविणें हीं दोन निराळीं कार्यें आहेत, आणि लग्नघरांत दुसरें चुकलें तर अधिक पंचाईत होते! युनिकोड नांवाच्या जागतिक अक्षरसंकेतांत हें अक्षर दोन रीतींनीं लिहितां येतें. डोळ्यास दोन्ही सारखीं. परंतु पुष्कळ यंत्रांस तीं निराळीं वाटतात, आणि पुस्तकांत डोळ्यांपुढें असलेला शब्द शोधूं जातां सांपडत नाहीं.

पडद्याच्या बारकाव्याची गोष्ट याच्याशींच जोडलेली आहे. कित्येक जुन्या स्वस्त यंत्रांत इंचास १६७ ठिपके असत. आतां ३०० ठिपक्यांचीं साधीं यंत्रेंहि मिळतात. रोमन अक्षर १६७ ठिपक्यांत निभावून जातें. 'द्ध' आणि 'द्भ', 'ष्ट' आणि 'ष्ठ' यांचा भेद लहान अक्षरांत दाखविणें त्यास जड जातें.

आकारमानाचाहि विचार हवा, कारण आमच्यासारख्यांचें वाचन बहुधा जुन्या पुस्तकांच्या छायाप्रतींवर चालतें. राज्य साहित्य आणि संस्कृति मंडळाचे ग्रंथ संकेतस्थळावर फुकट मिळतात; अकोला व अमरावती जिल्ह्यांचीं १९१० व १९११ सालचीं गॅझेटियरेंहि छायाप्रतींत आहेत. डेमी आकाराचें पान सुमारें साडेपांच इंच रुंद असतें, आणि सहा इंची म्हणविणारा पडदा रुंदीस साडेतीन इंचांच्या किंचित् वर. अक्षर दोन तृतीयांशाहूनहि लहान होतें. समास कापून टाकले तर निभावतें. पण ज्या यंत्रांत समास कापण्याची सोय नाहीं, तें कितीहि स्वस्त असलें तरी छायाप्रतींसाठीं घेऊं नये. ज्यांस केवळ नव्या कादंबऱ्या वाचावयाच्या आहेत त्यांनीं हा परिच्छेद सोडून द्यावा.

आतां कुलपाविषयीं. अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपुरास म्हाइंभटांनीं तेराव्या शतकाच्या अखेरीस लीळाचरित्र सिद्ध केलें. पुढें महानुभावांनीं आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादि सांकेतिक लिप्यांत लिहिले. एका अक्षराच्या जागीं दुसरें. त्यांचीं कारणें त्यांच्यापाशीं होतीं, आणि पोथ्या त्यामुळें जतन झाल्या हेंहि खरें. परंतु मराठीचें आद्य गद्य कित्येक शतकें पंथाबाहेरच्या मराठी माणसास वाचतां आलें नाहीं; विसाव्या शतकाच्या आरंभीं राजवाड्यांसारख्या संशोधकांनीं ती किल्ली बाहेर आणली तेव्हां कोठें तें उघडलें. आजचें विकत घेतलेलें ई-पुस्तक असेंच सांकेतिक लिपींत असतें, आणि किल्ली दुकानदारापाशीं राहते. बुकगंगेचें पुस्तक तिच्या स्वतःच्या वाचनयोजनेंत उघडतें, ॲमेझॉनचें त्याच्या योजनेंत. २००९ सालीं ॲमेझॉननें ऑर्वेलचीं दोन पुस्तकें, विकणाऱ्यास हक्क नव्हता म्हणून, गिऱ्हाइकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतलीं व पैसे परत केले. २०२५ च्या फेब्रुवारींत घेतलेलें पुस्तक संगणकावर उतरवून तारेनें यंत्रांत घालण्याची जुनी सोयहि तिनें बंद केली. ॲंड्रॉइडवर चालणारीं ई-इंक यंत्रें निरनिराळ्या दुकानांच्या योजना चालवूं शकतात, पण त्यांचें मोल शिक्षकाच्या पगारास सहसा झेपत नाहीं. म्हणून ज्यांत आपलीं स्वतःचीं, कुलूप नसलेलीं पुस्तकें तारेनें घालतां येतात, तें यंत्र दोन हजारांनीं महाग असलें तरी आम्ही स्वस्त समजतों.

विद्यार्थ्यानें अखेर ३०० ठिपक्यांचें एक वापरलेलें सहा इंची यंत्र, आमचा शब्द त्यावर लावून पाहून, विकत घेतलें. आठवड्यानें त्यानें पडद्याचें छायाचित्र पाठविलें. 'वऱ्हाड' नीट उमटलेला होता. खालीं त्यानें लिहिलें होतें कीं वडिलांस ज्ञानेश्वरी मोठ्या अक्षरांत वाचतां येऊं लागल्यापासून यंत्र त्याच्या स्वतःच्या हातीं रात्रीं दहाच्या आधीं लागत नाहीं.