दात इथे, डॉक्टर तिथे

६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमा'चा देशपातळीवरील शुभारंभ झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातला एक तालुका होता. तो स्वतंत्र जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करायची, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा, असे या कार्यक्रमाचे स्वरूप आहे. तपासायच्या तीस दोष-आजारांच्या यादीत दातांचे आजारही आहेत. तपासणी पथकात आयुष पद्धतीचे दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असावेत असे ठरले. दंतवैद्य मात्र त्यात नाही. म्हणजे किडलेला दात पाहणार एक आणि त्यावर उपचार करणार दुसराच, तोही दुसऱ्या गावी.

ही अडचण पालघरपुरती नाही आणि नवीही नाही. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात देशात सुमारे तीन लाख लोकांमागे एक प्रशिक्षित दंतवैद्य, असे प्रमाण नोंदले आहे. आज देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत. तरीही दंतवैद्य जमतात ते शहरांत. आमच्या या जिल्ह्यातच पाहा. तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होते, शेजारी बोईसरची औद्योगिक वसाहत आहे, रेल्वे आहे. याच जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्यात रेल्वे नाही. तिथल्या मजुराला दात दाखवायचा तर एका दिवसाची मजुरी बुडते, आणि दात भरायला पुन्हा जायचे म्हणजे आणखी एक दिवस.

मग रुग्णाला न हलवता डॉक्टरची नजर त्याच्यापर्यंत नेता येईल का? यालाच दूरवैद्यक म्हणतात आणि दातांपुरते बोलायचे तर दूरदंतवैद्यक.

हलवायचे काय?

या कल्पनेचे एक जुने उदाहरण १९०५ सालचे आहे. नेदरलँड्समधील लायडन येथे विलेम आइन्थोवेन यांनी हृदयाचा विद्युत आलेख काढणारे यंत्र बनवले होते. ते इतके अवजड होते की रुग्णालयात नेणे अशक्य होते. रुग्णालय प्रयोगशाळेपासून सुमारे दीड किलोमीटरवर होते. यंत्र हलेना आणि आजारी माणूसही हलवता येईना, तेव्हा आइन्थोवेन यांनी टेलिफोनच्या तारेतून हृदयाचे विद्युत संकेतच प्रयोगशाळेत आणले. माणसाऐवजी माहिती हलवायची, हे दूरवैद्यकाचे मूळ सूत्र त्यात आहे.

दातांच्या बाबतीत हे सूत्र लागू पडायला बराच काळ जावा लागला. १९९४ मध्ये अमेरिकी सैन्याने जॉर्जिया राज्यात एक प्रयोग केला. हिरड्यांवर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या तोंडातील रंगीत चित्रे छोट्या कॅमेऱ्याने टिपली आणि मोडेमद्वारे सुमारे १२० मैलांवरील दुसऱ्या तळावरच्या तज्ज्ञांकडे पाठवली. जखम नीट भरते आहे की नाही हे तज्ज्ञांनी चित्रे पाहून सांगितले आणि बहुतेक रुग्णांची एक फेरी वाचली. लक्षात घ्या, मुख्य उपचार आधीच झाला होता. वाचली ती केवळ दाखवण्यापुरती फेरी.

यंत्राआधीची नजर

भारतात या विषयाचा एक वेगळा धागा सापडतो, आणि त्यात कॅमेरा नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दंतसंशोधनाचा एक विभाग होता. तेथील डॉ. फली मेहता आणि डेन्मार्कचे येन्स पिंडबोर्ग यांनी सहकाऱ्यांसह १९६० च्या दशकापासून खेड्यापाड्यांत घरोघरी जाऊन लोकांची तोंडे तपासली. महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांचा त्यांचा अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. तंबाखूच्या सवयी आणि तोंडातले कर्करोगपूर्व डाग यांचा संबंध अशा अभ्यासांतून स्पष्ट होत गेला.

पुढचा प्रश्न असा होता, की हे डाग ओळखायला दंतवैद्यच हवा का? १९८० च्या दशकात श्रीलंकेत आणि केरळात साध्या आरोग्य कर्मचाऱ्यांना शिकवून पाहिले. ते डाग ओळखू शकतात असे दिसले. मग १९९६ पासून तिरुवनंतपुरम जिल्ह्यात सुमारे १ लाख ९२ हजार लोकांचा मोठा अभ्यास झाला. तपासणी करणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षित कर्मचारी होते. संशयित रुग्ण डॉक्टरांकडे पाठवले जात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तंबाखू किंवा मद्य घेणाऱ्यांमध्ये मुखकर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. हे मृत्यू टळले, कारण डाग दिसल्यावर पुढे उपचाराची सोय होती.

कॅमेऱ्याचा मोबाइल आल्यावर या कर्मचाऱ्याच्या हाती आणखी एक साधन आले. त्याने काढलेले छायाचित्र तज्ज्ञ सवडीने पाहू शकतो, दोघे एकाच वेळी हजर असण्याची गरज नाही. २५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि 'ई-संजीवनी' सेवेमुळे हा शब्द घरोघरी पोचला.

नजर गेली, हात कोणाचा?

पण दात हा अवयव थोडा हट्टी आहे. दातावरच्या थरातील जिवाणू साखरेपासून आम्ल बनवतात. आम्लता वाढून सामू सुमारे ५.५ च्या खाली गेला की दातावरच्या कठीण आवरणातील खनिज विरघळू लागते. आधी पांढुरका ठिपका दिसतो. या टप्प्यावर फ्लोराइडची पेस्ट आणि कमी गोड खाणे यांनी झीज भरून येऊ शकते. एकदा खड्डा पडला की तो औषधाच्या चिठ्ठीने भरत नाही. तिथे हातच लागतो. शिवाय दोन दातांच्या फटीतली कीड साध्या छायाचित्रात दिसत नाही, त्यासाठी क्ष-किरण चित्र हवे.

म्हणून हाताचा इतिहासही पाहायला हवा. न्यूझीलंडने १९२१ पासून शालेय दंतपरिचारिका तयार केल्या. त्या शाळांमध्येच मुलांचे दात भरत. १९८० च्या दशकात टांझानियात एक साधी पद्धत विकसित झाली: कीड हातातल्या अवजाराने खरवडायची आणि दाताला चिकटणाऱ्या ग्लास आयोनोमर सिमेंटने खड्डा बुजवायचा. तिला वीज लागत नाही. हे सिमेंट आणि कीड थोपवणारे चांदीयुक्त फ्लोराइडचे द्रावण जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आवश्यक औषधांच्या यादीत घेतले. कॅलिफोर्नियात २०१० नंतर नजर आणि हात एकत्र आणले गेले. दंत-आरोग्य सहायक शाळेत छायाचित्रे आणि क्ष-किरण चित्रे घेई, दूरचा दंतवैद्य योजना सांगे आणि सहायकच तात्पुरते भरण करी. यासाठी २०१४ मध्ये तिथे कायदाही करावा लागला.

यावरून आम्हाला असे वाटते, की दूरदंतवैद्यकाचे यश किती छायाचित्रे पाठवली यावर मोजू नये. त्यांपैकी किती मुलांचा दात खरोखर भरला गेला, हे मोजावे. उपचाराची सोय नसताना केलेली तपासणी पालकांच्या हाती केवळ एक कागद देते.

शिक्षकांचे काम

याच जिल्ह्यात, बोर्डीला १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी काम सुरू केले आणि पुढे कोसबाडला त्या आणि अनुताई वाघ यांनी कुरणशाळा चालवली. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेने कुरणात जावे, इतका तो सरळ विचार होता. दातांनाही तोच लागू आहे.

शिक्षकांना डॉक्टर व्हायचे नाही. मात्र मुलांना उजेडात, आरशात आपले दात पाहायला शिकवता येईल. पांढरा ठिपका, काळा खड्डा, दोन आठवडे न भरलेली जखम, यांची दखल घेता येईल. अंड्याचे कवच व्हिनेगरमध्ये ठेवून आम्लाचा परिणाम वर्गात दाखवता येईल. आणि पथक येऊन गेल्यावर एक वही ठेवता येईल: कोणाला पुढे पाठवले, तो गेला का, उपचार झाला का? पुढच्या वर्षी पथक आले की हीच वही उघडून समोर ठेवावी.